लॅबच्या कपाटात काय आहे ते कुणाला माहितीये?

फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमधलं एक जुनं मशीन लिलावात गेलं. गॅमा सेल, म्हणजे पदार्थांवर गॅमा किरण सोडायचं यंत्र. साठच्या दशकाच्या शेवटी कॅनडाहून आणलेलं आणि १९८५ पासून नुसतं पडून असलेलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं, तिथं माणसांनी ते फोडलं, कारण बाहेरून शिशाचं जाड कवच होतं आणि शिशाला भाव मिळतो. आत कोबाल्ट-६० होतं, म्हणजे किरणोत्सर्गी धातू. त्याचे तुकडे झाले, एकाने एक बारका तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. एप्रिलपर्यंत माणसांचे केस गळायला लागले, कातडी काळी पडली, आठजण हॉस्पिटलमध्ये गेले आणि त्यातला एक कामगार वारला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सातच्या मापावर हा अपघात चार नंबरचा ठरला.

आता हे बघा की कोबाल्ट-६० ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, म्हणजे चाळीस वर्षांत ती जवळपास दोनशेपट कमी झालेली असणार, आणि तरी माणूस मेला.

मला ह्यात सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट किरणोत्सर्गाची नाहीये. पंचवीस वर्षं एका नामांकित विद्यापीठाच्या खोलीत ती वस्तू होती, रोज तिथून प्रोफेसर जात होते, केमिस्ट्रीतले पीएचडी झालेले लोक जात होते, आणि लिलावाच्या कागदावर सही करताना एकालाही थांबून विचारावंसं वाटलं नाही की ह्याच्या आत काय आहे. ज्यांनी ते वापरलं ते लोक गेले आणि त्यांच्याबरोबर माहितीही गेली. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ ला स्थापन झालं, मशीन त्याच्याही आधीचं. नंतर मंडळाने विद्यापीठाला नोटीस काढली, विद्यापीठाने नैतिक जबाबदारी घेतली, पण हे सगळं माणूस गेल्यावर.

मायापुरी हा दिल्लीचा अपवाद आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आपल्या तालुक्याच्या कॉलेजातलं रिटायर झालेल्या सरांचं कपाट एकदा उघडून बघावं. मी बघितलंय.

मी तेव्हा सीएचबीवर होतो, तासाला पैसे, मे महिन्यात काम नसतं म्हणून स्टॉक व्हेरिफिकेशनला मला बसवलेलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. एका कपाटाची किल्ली हरवलेली होती, ती जागा रिकामी करायची म्हणून लॅबच्या मामांनी कुलूप तोडलं. आत तीस-चाळीस बाटल्या. अर्ध्यांची लेबलं कसरीने खाल्लेली, काही शाईने लिहिलेली आणि ॲसिडच्या वाफेने पुसली गेलेली. मी डेड स्टॉक रजिस्टर मांडीवर घेऊन नावं टिपत होतो, मामा एकेक बाटली काढून देत होते. एक ब्राऊन काचेची अर्ध्या लिटरची बाटली आली, झाकण आणि गळा ह्यांच्यामध्ये पिवळी कडक पापडी धरलेली. मामा म्हणाले झाकण बसलंय, आणि पक्कड घेऊन पिळायलाच लागले. लेबलवर 'पिक्' एवढंच उरलं होतं. मी ओरडलो, मामा ठेवा, ठेवा खाली, हळू ठेवा.

पिक्रिक ॲसिड. केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. झूलॉजीच्या लॅबमध्ये सुद्धा बॉइन्स फ्लुइड, म्हणजे प्राण्यांच्या ऊती टिकवायचं द्रावण, करायला हे लागायचं, त्यामुळे जुन्या कॉलेजात ते असतंच कुठेतरी. पाण्यात ओलं ठेवलं तर शांत असतं. वर्षानुवर्षं झाकण बंद राहून पाणी उडून गेलं की तो स्फोटक पदार्थ आहे, टीएनटीच्या जातीचा, आणि झाकणाच्या आट्यात साचलेल्या कोरड्या स्फटिकांना घासणं म्हणजे काडी लावल्यासारखंच. मामांच्या हातात पक्कड होती आणि चेहरा त्या बाटलीपासून एक वीत लांब.

पुढचे दोन तास आम्ही तिघं, मामा, हेड सर आणि मी, व्हरांड्यात उभे होतो. कुणाला फोन करायचा? खरंच कुणाला? प्राचार्य मीटिंगला विद्यापीठात. विद्यापीठात अशा वेळी फोन घेणारं कोणी आहे का हे आमच्या हेड सरांनाही माहीत नव्हतं. भिंतीवर फायर ब्रिगेडचा नंबर होता पण 'जुनी बाटली सापडली' म्हणून बोलवलं तर ते काय म्हणतील ह्याची लाज वाटली. शेवटी सरांनी ती पाण्याच्या बादलीत ठेवली, आठवडाभर भिजवली आणि भरपूर पाणी सोडून बेसिनमध्ये ओतली. हे सगळंच चूक होतं. तिला हातच लावायला नको होता, खोली रिकामी करून बॉम्बशोधक पथकाला बोलवायचं असतं, आणि पिक्रिक ॲसिड जुन्या शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपात गेलं तर त्याचे जे क्षार तयार होतात ते मूळ पदार्थापेक्षाही जास्त नाजूक असतात. हे मला नंतर वाचून कळलं. तिथं उभं असलेल्या तिघांपैकी दोघं केमिस्ट्रीचे मास्टर्स होते आणि आम्हाला कुणी कधी हे शिकवलेलं नव्हतं, कारण ते सिलॅबसमध्ये नाही, पेपरला येत नाही.

ह्या प्रसंगाची कुठेही नोंद झाली नाही. रजिस्टरमध्ये त्या बाटलीसमोर 'निर्लेखित', म्हणजे यादीतून बाद, असं लिहिलं, संपलं.

आपल्याकडे सेफ्टी म्हटलं की लोक फायर एक्स्टिंग्विशर, गॉगल, ॲप्रन ह्याबद्दल बोलतात. ते पाहिजेच. पण माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. एखाद्या विद्यापीठात धोकादायक काय काय आहे, कुठे आहे, किती आहे, किती जुनं आहे, हे सांगू शकणारं एक माणूस असायला पाहिजे, आणि त्या माणसाला लॅबचं दार बंद करायचा अधिकार पाहिजे. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींच्या नंतर येतं. हे दोन नसतील तर गॉगल सुद्धा खोक्यात पडून राहतात.

आता कायद्याकडे बघू. कारखान्यांना १९४८ च्या कायद्याने जी शिस्त लावली त्यात हजार कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा, अपघातात माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर सरकारला कळवावं लागायचं. विद्यापीठात हजारो मुलं रोज बर्नर पेटवतात, सिलिंडर उघडतात, पण तो कारखाना नाही. मुलं कामगार नाहीत. शिक्षकही नाहीत, १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'वर्कमन' होत नाही. ती केस नोकरीची होती, सेफ्टीची नाही, तरी कामगारांसाठी केलेले कायदे लॅबच्या दारापर्यंत येऊन कसे थांबतात ते त्यावरून कळतं. रेडिएशनला वेगळे नियम आहेत, बायोमेडिकल कचऱ्याला वेगळे, घातक कचऱ्याला वेगळे, पण लॅबमध्ये काम करणारी बावीस वर्षांची मुलगी सुरक्षित आहे का, हा प्रश्न ह्यातला कुठलाच नियम सरळ विचारत नाही.

अमेरिकेतही ही फट होती आणि ती दोन केसेसमध्ये उघडी पडली. २९ डिसेंबर २००८ ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये शेहरबानो सांगजी नावाची २३ वर्षांची मुलगी सिरिंजने टर्ट-ब्यूटिल लिथियम काढत होती. हे हवा लागली की पेट घेतं. सिरिंजचा दांडा निसटून बाहेर आला, द्रव सांडला, पेटला. अंगात सिंथेटिक स्वेटर होता, लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. आणि दोनच महिने आधी त्याच लॅबची तपासणी होऊन कागदावर लिहिलं गेलं होतं की इथले लोक लॅब कोट घालत नाहीत. म्हणजे तपासणी झाली होती, रिपोर्ट होता, फाइल होती. पुढे विद्यापीठावर आणि प्रोफेसरवर फौजदारी खटला भरला गेला, तो शेवटी तडजोडीत मिटला, पण भरला तरी का गेला? कारण ती पगारी कर्मचारी होती. २०१० च्या जानेवारीत टेक्सस टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या हातात स्फोट झाला, त्याची तीन बोटं गेली. सरांनी तोंडी सांगितलं होतं की तो स्फोटक पदार्थ १०० मिलिग्रॅमच्या वर करू नका, मुलांनी दहा ग्रॅम केलं होतं. टेक्सस टेक हे राज्य सरकारचं विद्यापीठ, आणि टेक्ससमध्ये सरकारी संस्थांना केंद्राचा कामगार सुरक्षेचा कायदा लागूच नव्हता. बोटं तर दोघांचीही सारखीच जळतात ना, कायदा लागू असो की नसो.

आपल्याकडे यूसीएलएच्या घटनेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २९ डिसेंबर २००९ ला, ट्रॉम्बेला बीएआरसीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आग लागून दोन तरुण रिसर्च स्कॉलर गेले. ५ डिसेंबर २०१८ ला बंगळूरच्या आयआयएससीमध्ये शॉक वेव्हच्या लॅबमध्ये सिलिंडरचा स्फोट झाला, एक तरुण संशोधक जागीच गेला आणि तिघं जखमी झाले. देशातल्या सगळ्यात चांगल्या संस्था आहेत ह्या. प्रत्येक वेळी चार दिवस बातम्या आल्या, समिती बसली. पण मला सांगा, त्या समित्यांनी जे शोधलं ते नांदेडच्या, धुळ्याच्या, रत्नागिरीच्या कॉलेजातल्या लॅब इन्चार्जपर्यंत कधी पोचलं का? टेक्ससच्या स्फोटाचा पूर्ण रिपोर्ट नेटवर आहे, मी तो एमएस्सीच्या मुलांना वाचून दाखवलाय, मुलं गप्प होऊन ऐकतात. आपल्याच अपघातांचं असं काही माझ्या हातात नाही जे मी त्यांच्यापुढे ठेवू शकेन.

आपल्याकडे तपासणी होत नाही असं नाही, उलट तपासण्याच तपासण्या आहेत. संलग्नतेसाठी विद्यापीठाची एलआयसी, म्हणजे स्थानिक चौकशी समिती, येते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पीअर टीम यायची. नॅकच्या सातव्या निकषात घातक रसायनांच्या आणि किरणोत्सर्गी कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल विचारायचे, ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट विचारायचे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी द्यायचा असतो की यंत्रणा चालू आहे. हे सगळे नियम चांगले आहेत, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण ह्या सगळ्यांचं उत्तर फोटो आणि पीडीएफमध्ये दिलं की चालतं, आणि एकदा ते चाललं की सगळ्यांची मेहनत फोटोवर जाते. झाडं किती, सोलर पॅनल किती, गांडूळखताचा खड्डा आहे का. मी तीन ग्रीन ऑडिट जवळून बघितलीत, तिन्हीत कॅम्पसवरची झाडं मोजली, फ्यूम हूडची हवा एकदाही मोजली नाही. फ्यूम हूड, म्हणजे ते काचेचं वरखाली होणारं शटर असलेलं कपाट ज्यात विषारी वाफांची कामं करायची, त्याच्या तोंडाशी हवा साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत ओढली गेली पाहिजे, हे मोजायचं यंत्र खिशात मावतं. आमच्या हूडचा पंखा बंद होता आणि आत ॲसिडच्या बाटल्यांची साठवण होती, आणि मुलं गॅस टेस्ट टेबलावर करायची, हायड्रोजन सल्फाइडचा तो कुजक्या अंड्यांचा वास सगळ्या मजल्यावर. जास्त प्रमाणात तो गॅस नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो, म्हणजे वास थांबला की धोका टळला असं मुलांना वाटतं आणि खरं तर तेव्हा तो वाढलेला असू शकतो.

आणि कपाटं का भरतात, ह्याचं एक कारण आहे ज्याच्यावर कुणी बोलत नाही. मार्चएंड. ग्रांट ३१ मार्चच्या आत संपवायची, युटिलायझेशन सर्टिफिकेट द्यायचं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये रसायनं घाऊक मागवली जातात. प्रॅक्टिकलला वर्षाला दोनशे मिली ईथर लागत असेल तरी अडीच लिटरच्या बाटल्या येतात कारण मोठ्या पॅकचा दर स्वस्त पडतो. ईथर उघडून वर्षभर ठेवलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, टीएचएफ नावाच्या सॉल्व्हंटमध्येही होतात, आणि अशी जुनी बाटली डिस्टिल करायला घेतली तर शेवटी शेवटी फ्लास्कच उडू शकतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला पेन लागतो फक्त. मी कॉलेजात रुजू झालो तेव्हा एकाही बाटलीवर तारीख नव्हती.

लोक म्हणतात पैसे नाहीत. हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्याचा मला राग नाही, जिथे पंधरा-पंधरा वर्षं लॅब असिस्टंटची जागा भरलेली नाही, एकच मामा तीन लॅब सांभाळतो, तिथं प्राचार्य काय करणार. नवा फ्यूम हूड महाग आहे, मान्य. पण बाटल्यांची यादी फुकट आहे. ॲसिड आणि सॉल्व्हंट वेगळ्या कपाटात ठेवणं फुकट आहे. सिलिंडरला भिंतीशी साखळी लावायला दोनशे रुपये लागतात. प्रयोग छोट्या प्रमाणात करणं, दहा मिलीच्या जागी एक मिली, हे तर पैसे वाचवणारं आहे. आणि कचऱ्याचं म्हणाल तर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, पण वर्षाला वीस लिटर कचरा करणाऱ्या कॉलेजसाठी तिथली गाडी कोण पाठवणार, म्हणून तो बेसिनमधून गटारात आणि गटारातून नदीला जातो. इथे विद्यापीठाने उतरायला पाहिजे. जे विद्यापीठ शेकडो कॉलेजांतून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठरल्या दिवशी, सीलबंद, पोचपावतीसकट गोळा करून कॅप सेंटरला, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्राला, पोचवतं, त्याला वर्षातून दोनदा कचऱ्याचे कॅन गोळा करणं जमणार नाही हे मला पटत नाही. ती यंत्रणा आपल्याकडे आहेच, ती दुसऱ्या कामाला लावायची आहे.

दुसरा आक्षेप संशोधन करणाऱ्यांचा असतो, की एवढे फॉर्म भरत बसलो तर काम कधी करायचं. मी स्वतः हे म्हटलेलं आहे. पण ज्यांनी हे म्हटलं त्यांच्याच लॅबमध्ये रात्री अकराला एकटी मुलगी कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची काचेची नळी, चालवत बसलेली असते, सर घरी, मजल्यावर दुसरं कोणी नाही, आणि आय वॉशचा नळ गंजून बसलेला. डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं सतत पाणी सोडायचं असतं, ती आंधळ्यासारखी चाचपडत नळ शोधणार का? एकट्याने काम करायचं नाही, हा एक नियम पाळला तरी कुणाचंही संशोधन बंद पडत नाही.

मामांबद्दल अजून लिहायचंय. त्या बाटलीच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, कशात काय ओतायचं नाही ते एका कागदावर मराठीत लिहून द्या ना." पंचवीस वर्षं त्या लॅबमध्ये नोकरी झालेली, बाटल्या धुणं, ॲसिड भरणं, कचरा टाकणं सगळं त्यांच्याच हातून, आणि भिंतीवरची प्रत्येक सूचना इंग्रजीत. मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. नायट्रिक ॲसिडच्या कॅनमध्ये ॲसिटोन किंवा स्पिरिट ओतायचं नाही. ॲसिडमध्ये पाणी नाही, पाण्यात ॲसिड. सोडियमचा तुकडा बेसिनमध्ये टाकायचा नाही. झाकण बसलेली बाटली जोर लावून उघडायची नाही. त्यांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून बेसिनच्या वर चिकटवला. दीड वर्षाने नॅकची भेट होती तेव्हा लॅबला रंग दिला, तो कागद निघाला आणि तिथं ॲक्रिलिकचा इंग्रजी बोर्ड लागला. मामांनी मला परत कागद मागितला, तोवर माझी ऑर्डर संपलेली होती, मी फोनवर त्यांना सांगितलं आणि त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहून घेतला.

म्हणून मी म्हणतो की सेफ्टी ऑफिसर कुलगुरूंच्या थेट हाताखाली पाहिजे, डिपार्टमेंटच्या हेडच्या खाली नाही, कारण हेडच्या खालचा माणूस हेडची लॅब बंद करू शकत नाही, आणि सीएचबीवरचा तर तोंडही उघडू शकत नाही, त्याची पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच हेडच्या हातात असते. ही पोस्ट पूर्णवेळ पाहिजे, कुणा सिनियर सरांवर आठवं काम म्हणून टाकलेली नको. छोटा मोठा प्रत्येक अपघात, अगदी 'होता होता राहिला' तो सुद्धा, त्याच्याकडे लिहून गेला पाहिजे, कळवणाऱ्याला मेमो मिळणार नाही ह्या लेखी हमीसकट, आणि वर्षाअखेरीस ती यादी नावं वगळून सगळ्या संलग्न कॉलेजांना मराठीत गेली पाहिजे. निर्लेखनाच्या फॉर्ममध्ये वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि शेरा असे रकाने असतात, तिथं अजून एक रकाना पाहिजे, 'आत काय आहे', आणि त्याच्याखाली ह्या ऑफिसरची सही झाल्याशिवाय एकही वस्तू गेटच्या बाहेर जाता कामा नये. सिनेट सदस्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न टाका की आपल्या विद्यापीठात किती किलो पिक्रिक ॲसिड आहे आणि ते कोरडं आहे की ओलं.